मॉरिस मायनर, पॉझिटिव्ह अर्थ आणि दोन कट-ऑफ स्विच

गाडीच्या बॅटरीची जोडणी तोडायला साडेतीनशे रुपयांचा हिरव्या मुठीचा कट-ऑफ स्विच घ्यावा की सहाशे-सातशेचा लाल चावीचा, एवढंच ज्यांना हवंय त्यांना उत्तर आधीच देऊन टाकते. गाडी महिनाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, एवढीच तक्रार असेल तर हिरवा पुरे. गाडी पेटू नये म्हणून बसवणार असाल तर लाल घ्या, आणि तोही ड्रायव्हरच्या हाताशी लावा. दोन्ही मी जवळून पाहिलेत. लाल आमच्या १९५४ च्या मॉरिस मायनरवर आहे, हिरवा शेजारच्या गुरुजींच्या मुलाच्या प्रीमियर पद्मिनीवर.

मी कोल्हापूरची. सबस्टेशनात ऑपरेटर होते. नोकरी लागली तेव्हा विद्युत मंडळ होतं, २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि निवृत्त झाले ती महापारेषणमधून. हे सांगायचं कारण असं की आमच्याकडे ब्रेकर आणि आयसोलेटर या दोन वेगळ्या वस्तू असतात आणि त्यांची गल्लत केली तर माणूस घरी परत येत नाही. ब्रेकर चालू प्रवाह तोडतो. आयसोलेटर प्रवाह बंद झाल्यावर उघडायचा, म्हणजे काम करणाऱ्याला डोळ्यांनी फट दिसते आणि तो निर्धास्त हात घालतो. लोडवर, म्हणजे प्रवाह चालू असताना, आयसोलेटर ओढला तर आर्क होतो, फटीत ठिणगी जळतच राहते. गाडीच्या बॅटरीचे हे जे स्विच मिळतात ते बहुतेक या हिशेबाने आयसोलेटर आहेत. बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो. हे एकदा डोक्यात बसलं की कुठला घ्यायचा, कुठे लावायचा आणि कसा वापरायचा, हे तिन्ही प्रश्न निम्मे सुटतात.

आता गाडीबद्दल थोडं. सासऱ्यांची शाहूपुरीत गुळाची अडत होती, तेव्हाची ही गाडी. ८०३ सीसीचं इंजिन, डॅशबोर्डवर ओढायची सेल्फची मूठ, पेट्रोलचा एसयू पंप चावी फिरवली की टकटक करतो आणि भरला की गप्प बसतो. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, आणि त्या बदल्यात रोजच्या वापराला गाडी काढायची नाही, चासी, बॉडी, इंजिन यांत फेरफार करायचे नाहीत. आमच्या गाडीचे कागद अजून जुनेच आहेत, पण उद्या त्या वाटेने जायचं ठरलं तर पत्र्याला नवीन भोक पाडलेलं नसावं, असं मी आधीच ठरवलं होतं. त्यामुळे स्विच निवडताना एक अट हीच होती: जे काही लावायचं ते दोन पान्यांनी काढून टाकता आलं पाहिजे.

मायनरला बॅटरीचा स्विच हवाच कशाला, असं आमचे इलेक्ट्रिशियन मिस्त्रीसुद्धा म्हणाले. प्रश्न रास्त आहे. या गाडीत घड्याळ नाही, टेप नाही, अलार्म नाही. चावी बंद केली की काही खात नाही. मी बॅटरीच्या वायरीत मीटर लावून बघितलं, आकडा शून्य. पण अख्ख्या गाडीत फ्यूज दोनच. हेडलाइट आणि इग्निशन त्यातल्या एकाही फ्यूजमधून जात नाहीत. सेल्फच्या स्विचवरून एक तपकिरी वायर थेट कटआउटच्या डब्याकडे जाते आणि ती चावी बंद असतानाही जिवंत असते. वायरींवर सुती वेणीचं आवरण, त्याच्या आतलं रबर सत्तर वर्षांत बिस्किटासारखं झालेलं. हात लावला की भुगा. आणि आमच्या गॅरेजशेजारी धान्याचं कोठार, म्हणजे उंदीर घरचेच. त्यांनी त्या तपकिरी वायरीवर दात लावून ती बॉडीला टेकवली तर मध्ये थांबवणारं काहीही नाही. बॅटरी आपली सगळी ताकद तिथे ओतणार.

शिवाय कटआउट. डायनामोच्या गाड्या ज्यांनी वापरल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. डायनामोत डायोड नसतात, त्यामुळे इंजिन मंद झालं की बॅटरीतला प्रवाह उलटा डायनामोत जाऊ नये म्हणून एक रिले असतो, तो पॉइंट उघडतो. तो कटआउट. हे पॉइंट जुने झाले, जळाले, की कधीतरी चिकटतात. मग गाडी बंद असतानाही बॅटरी डायनामोला जोडलेलीच राहते आणि डायनामो मोटर होऊन फिरायला बघतो. पट्टा इंजिनाला बांधलेला, फिरता येत नाही, मग नुसता तापतो. नशीब बरं असेल तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. बरं नसेल तर वास येतो, तो घ्यायला कोणी गॅरेजमध्ये असेल तर.

पुराचंही एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा कुठवर आली ते कोल्हापुरात कोणाला सांगायला नको. २०२१ च्या जुलैत पुन्हा. पाण्याची सूचना आली की माणसं, कागद, सिलेंडर यांच्या गडबडीत गाडीचं बोनेट उघडून सात-सोळांशचा पाना शोधत बसणार कोण? एक चावी फिरवून निघता यावं.

हिरव्या मुठीच्या स्विचपासून सुरुवात करते, कारण बहुतेक लोक तिथूनच करतात. ऑनलाइन सगळीकडे मिळतो. पितळी रंगाचं टर्मिनल, त्यावर हिरवी प्लास्टिकची मूठ. मूठ आवळली की जोडणी झाली, दोन-तीन वेढे सैल केली की तुटली. बॅटरीच्या मायनसवर जुनं टर्मिनल काढून हा बसवायचा आणि जुनं टर्मिनल याच्या पोटातून निघालेल्या खुंटीवर. दहा मिनिटांचं काम, नवीन वायर नको, पत्र्याला हात नको. माझ्या अटीत एकदम बसणारा.

फक्त तो मायनरच्या बॅटरीत बसत नाही. कारण आमची गाडी त्या काळच्या बहुतेक इंग्रज गाड्यांसारखी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॉडीला प्लस जोडलेला आणि मायनस जिवंत. मिस्त्री तिला पहिल्यापासून "उलटी गाडी" म्हणतात. कट-ऑफ स्विच नेहमी अर्थच्या बाजूला लावायचा, म्हणजे आमच्याकडे प्लसच्या पोलवर. आणि बॅटरीचे दोन पोल सारखे नसतात. कोणी चुकून उलट जोडू नये म्हणून प्लसचा जाड केलेला असतो: बुडाशी प्लस १९.५ मिलिमीटर, मायनस १७.९. हिरवा स्विच मायनसच्या मापाचा. प्लसवर वरच्या वर अडकून राहतो, खाली उतरतच नाही. छोट्या बॅटऱ्यांचे पोल तर आणखी बारीक येतात, १४.७ आणि १३. त्यांच्यासाठी स्विचबरोबर एक पत्र्याची बांगडी देतात, म्हणजे बारीक पोल जाड करायची सोय आहे. जाडासाठी काहीच नाही.

उद्यमनगरातल्या ज्या लेथवाल्याकडे आमचं जाणं-येणं आहे त्यांना दाखवला. कोल्हापुरात हे एक बरं आहे, कुठल्याही वस्तूला "होत नाही" हे उत्तर सहसा मिळत नाही. त्यांनी कॅलिपर लावला, पोलचा उतार नवाला एक असतो तो त्यांना तोंडपाठ, आणि म्हणाले, "वहिनी, बोअर वाढवून देतो, पर भिंत पातळ हुतीया. आवळताना फुटंल." मग कानसीचा एक हात मारून आतला धातू दाखवला. वरून पितळ, आतून पांढुरकं. जस्ताचं ओतकाम, वर मुलामा. असं ओतकाम पितळेपेक्षा ठिसूळ. लोहचुंबक लावून हे कळत नाही, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. कानसच लागते. सगळेच हिरवे असे असतात असं म्हणणार नाही, खऱ्या पितळेचेही मिळतात आणि ते हातात जड लागतात, पण हा तसा नव्हता.

तो स्विच शेवटी शेजारी गेला. गुरुजींच्या मुलाची पद्मिनी १९९२ ची, निगेटिव्ह अर्थ, अल्टरनेटर, आणि त्यावर त्याने हौसेने चढवलेला म्युझिक सिस्टिम, अलार्म, रिव्हर्सला वाजणारं काहीतरी. त्याची तक्रार साधी होती: तीन आठवडे गावाला गेलं की गाडी सेल्फ घेत नाही. मीटर लावला तर चावी बंद असताना ४० मिलिअँपिअर जात होते. आकडा किरकोळ वाटतो. पण दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-अवर होतो, आणि बॅटरी ३५ ची. महिना-सव्वा महिन्यात पूर्ण रिकामी, आणि सेल्फ मारण्याइतकी ताकद तर त्याच्या बरीच आधी संपते. इथे हिरवा स्विच नेमका कामाचा.

बसवला, मूठ सैल केली, आणि अलार्म वाजला. वाजायला नको होता, कारण बॅटरी तुटलेली होती. ज्याने म्युझिक सिस्टिम आणि अलार्म बसवला त्याने त्यांची अर्थची वायर बॉडीला न देता थेट बॅटरीच्या मायनस टर्मिनलच्या नटाखाली दाबली होती, आणि आम्ही तीच वायर स्विचच्या आधी, पोलच्या बाजूला राहू दिलेली. हे प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. अलार्मचा डबा स्वतः बॉडीलाही टेकलेला असेल, तर मूठ सैल असतानाही बॉडी त्या बारीक वायरीतून बॅटरीला जोडलेली राहते. तशात कोणी सेल्फ मारला तर शंभर अँपिअर त्या सुतळीएवढ्या वायरीतून जायला बघतात आणि ती वायर सीटखाली लाल होते. म्हणजे आग टाळायला लावलेल्या स्विचनेच आग. स्विच कुठलाही लावा, पोलवर स्विचशिवाय दुसरी एकही वायर राहता कामा नये. सगळ्या अर्थच्या वायरी स्विचच्या पलीकडे. स्विच उघडा ठेवून हॉर्न, दिवे, डोम लाइट सगळं दाबून बघा. काहीही जिवंत झालं तर ती वायर सापडेपर्यंत सोडू नका.

त्यानंतर मी सेल्फ मारताना स्विचच्या दोन बाजूंमध्ये मीटर धरला. माझ्याकडे डीसी मोजणारा चिमटा मीटर आहे, सेल्फला ११० अँपिअर लागत होते. स्विचवर पडलेला व्होल्टेज ०.३१. म्हणजे मुठीखाली ३४ वॉटची उष्णता, आणि सेल्फला तेवढे व्होल्ट कमी. आतली टेकायची जागा बारीक पॉलिश पेपरने घासली, मूठ हाताला दुखेपर्यंत आवळली, तर ०.१२ वर आलं. हे चालण्यासारखं आहे. पण ते मुठीच्या आवळण्यावर अवलंबून आहे आणि गाडीच्या थरथरीने मूठ सैल होते. पद्मिनीच्या मालकाला दर रविवारी हात लावून बघायला सांगितलंय. तो बघतो का, ते विचारत नाही.

हिरव्याचा सगळ्यात मोठा दोष मात्र मोजमापाचा नाहीच. तो बोनेटखाली आहे. वायर पेटली, धूर निघाला, तर धुरातलं बोनेट उघडून हिरवी मूठ फिरवायची? बोनेट उघडलं की आगीला हवा मिळते, एवढं अग्निशमनाच्या प्रशिक्षणात आम्हाला दरवेळी घोकायला लावायचे. शिवाय तो बसतो बॅटरीच्या डोक्यावर. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि दिवे चालू ठेवून मूठ सैल केली की ठिणगी नेमकी तिथेच पडते. म्हणून सगळं बंद करून, पाच मिनिटं थांबून मगच मूठ फिरवायची. आयसोलेटर आहे तो.

आता लाल चावीचा. काळा गोल डबा, मागे दोन जाड तांब्याच्या खुंट्या, पुढून लाल प्लास्टिकची चावी पाव फेरा फिरते. बंद केल्यावरच चावी निघते. बॉक्सवर १०० अँपिअर सतत, ५०० अँपिअर पाच सेकंद असं लिहिलेलं. मायनरचा सेल्फ शंभर-सव्वाशे घेतो, थंडीत थोडा जास्त, अडकून बसला तर तीनशेपुढे. म्हणजे माप पुरेसं आहे, बॉक्सवरचं खरं असेल तर. मी ते खरं धरलं नाही, मोजलं: सेल्फला १२० अँपिअर जात असताना स्विचवर ०.०७ व्होल्ट. सेल्फ लागोपाठ मारल्यावर मागच्या खुंट्यांना हात लावला, कोमट. पास.

जागा शोधायला जास्त वेळ लागला. मायनरच्या डॅशबोर्डखाली लांब पार्सल शेल्फ आहे, तिच्या खालच्या अंगाला ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याजवळ स्विच यावा असं ठरलं. सीटबेल्ट लावून बसलं तरी हात पोचतो, आणि खिडकीतून बाहेरूनही. उद्यमनगरवाल्यांनी तीन मिलिमीटरच्या पट्टीचा कोन वाकवून दिला, शेल्फच्या मूळ स्क्रूंवरच बसणारा. नवीन भोक एकही नाही. फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्या मधल्या पत्र्यात, आधीपासून एक वापरात नसलेलं भोक होतं, त्यात वायर घासू नये म्हणून नवा रबरी ग्रोमेट घातला.

बॅटरी फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला फळीवरच आहे, त्यामुळे वायर लांबवर न्यावी लागली नाही. प्लसच्या पोलवरून बॉडीला जाणारी आखूड पट्टी काढली. तिच्या जागी एक वायर प्लसवरून ग्रोमेटमधून आत स्विचला, दुसरी स्विचवरून परत बॉडीच्या त्याच मूळ बोल्टला. पोलवरचं टोपीसारखं जुनं ल्यूकसचं टर्मिनल, ज्याला वरून स्क्रू असतो, तेच ठेवलं. वायर ३५ स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल, तांब्याची. इथे जपून. स्वस्तातली वेल्डिंग केबल वरून तांब्याच्या रंगाची आणि आतून ॲल्युमिनियम असते. एक तार सोलून चाकूने खरवडली की कळतं. टोकांना तांब्याचे लग, म्हणजे बोल्टात अडकवायच्या कड्या, हायड्रॉलिक क्रिम्पिंगने दाबून घेतले. हातोडीने ठोकून बसवलेले लग मी माझ्या गाडीत लावू देत नाही.

मिस्त्रींचा आणि माझा एक वाद झाला, तो सांगण्यासारखा आहे. त्यांचं म्हणणं, स्विच जिवंत बाजूला लावू, सेल्फकडे जाणारी जाड वायर मधे तोडू, म्हणजे "करंटच बंद". बहुतेक जण असंच म्हणतात. पण जिवंत बाजू तोडायची म्हणजे बॅटरीची बिनफ्यूजची जिवंत वायर फायरवॉलमधून माणसं बसतात तिथे आणायची. पाच वर्षांनी ग्रोमेट सुकला, वायर पत्र्याच्या कडेला घासली, तर माझ्या गुडघ्याजवळ सगळी बॅटरी शॉर्ट. अर्थची बाजू आणली तर तीच वायर पत्र्याला घासून काय होणार? बॅटरीचा अर्थ बॉडीला टेकेल, म्हणजे स्विच नसता तर जे झालं असतं तेच. स्विच निकामी होईल, पण ठिणगीसुद्धा पडणार नाही. मिस्त्री थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमचं सबस्टेशनचं डोकं हाय." मग त्यांचा दुसरा आग्रह सुरू झाला, की एवढं करतोच आहोत तर गाडीच निगेटिव्ह अर्थ करून टाकू. इग्निशन कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या, डायनामोच्या फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन त्याची पोलॅरिटी फिरवायची, झालं. होतं तसं, अर्ध्या तासात होतं, आणि ज्यांना गाडीत चार्जर-टेप लावायचे आहेत त्यांनी जरूर करावं. मला काही लावायचं नाही. सासरेबुवांनी प्लसला बॉडी म्हणून पन्नास वर्षं गाडी चालवली, तशीच राहू दे.

मिस्त्रींच्या कामाबद्दल दोन शब्द, कारण माणूस मिळणं स्विच मिळण्यापेक्षा अवघड आहे. मजुरी ५०० रुपये घेतली, केबल आणि लग मी आणून दिले होते, त्यांचे साधारण ८०० झाले. काम सुरू करताना आधी अर्थची बाजू सोडली, जोडताना सगळ्यात शेवटी अर्थ. हे ज्या इलेक्ट्रिशियनला सांगावं लागतं त्याच्याकडे जुनी गाडी देऊ नये. बॉडीच्या बोल्टाखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडला आणि वर व्हॅसलीन लावलं. वेळ मात्र पाळली नाही. सकाळी येतो म्हणाले ते चहाच्या वेळी उगवले.

इंजिन चालू असताना हा स्विच बंद केला तर काय होतं, हे लोकांना फार विचारावंसं वाटतं. मायनरला गाडी मोकळ्या स्पीडला असताना चावी फिरवली तर इंजिन बंद पडतं, कारण एवढ्या कमी फेऱ्यांना डायनामो पुरेसा चार्ज करत नाही, कटआउट उघडलेला असतो आणि इग्निशन फक्त बॅटरीवर चालतं. पण रस्त्यावर, वेगात, डायनामो चार्ज करत असताना बॅटरी तोडली तर इंजिन डायनामोवर चालूच राहतं. वर बॅटरीचा आधार गेल्याने व्होल्टेज उसळून बल्ब जाऊ शकतात. म्हणजे धूर दिसला तर क्रम ठरलेला: आधी इग्निशनची चावी, मग लाल चावी. एकटी लाल चावी फिरवून सुटका नाही. अल्टरनेटरच्या गाडीत हे आणखी वाईट. चार्ज चालू असताना बॅटरी तोडली की व्होल्टेजचा जो झटका येतो त्यात अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. रॅलीच्या गाड्यांना म्हणूनच वेगळा स्विच लावतात. त्याला मागे दोन जाड खुंट्यांशिवाय बारीक टर्मिनल असतात. ते एकाच वेळी इग्निशन तोडतात आणि अल्टरनेटरचा उरलेला जोर एका रेझिस्टरमध्ये जिरवतात. दिसायला तोच काळा डबा, तीच लाल चावी. दुकानदार फरक सांगत नाहीत, मागची टर्मिनल मोजून घ्यावी लागतात.

लालबद्दल तक्रारी दोन. एक म्हणजे चावी. तिला चोरीविरोधी म्हणून विकतात ते खोटं नसलं तरी अर्धवट आहे. या सगळ्या लाल चाव्या एकाच खाचेच्या असतात, सुटी चावी पन्नास रुपयांत मिळते. आमची मायनर पळवणारा चोर पुढे तिचं पेट्रोल आणि स्पेअर कुठून आणणार हा त्याचा प्रश्न, पण चावीवर विसंबू नका. दुसरी म्हणजे चावीचं प्लास्टिक. वरचा कान पातळ आहे, गुडघा लागून तुटेल असं सारखं वाटतं. म्हणून एक जास्तीची चावी शेल्फवर ठेवलीय, आणि तिला चमकदार नायलॉनची दोरी, अंधारात हाताला लागावी म्हणून.

एक पावसाळा झाला. गाडी जून ते सप्टेंबर जवळजवळ उभीच होती, अधूनमधून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत फेरी. लाल चावी लावली, सेल्फची मूठ ओढली, गाडी लागली. स्विचच्या खुंट्यांवर गंज नाही, मोजमाप पुन्हा घेतलं, ०.०८. शेजारची पद्मिनीही तीन आठवड्यांनी न कुरकुरता लागली, फक्त हिरव्या मुठीच्या आत हिरवट पावडर धरली होती, ती घासून काढली. आता त्यालाही लाल हवाय. त्याला सांगितलंय, तुझ्याकडे अल्टरनेटर आहे, बारीक टर्मिनल असलेलाच माग, आणि आधी त्या म्युझिकवाल्याने आणखी कुठे कुठे वायरी दाबून ठेवल्यात ते शोधून काढ. तो म्हणाला, "काकी, तुम्हीच या की मीटर घेऊन." दिवाळीनंतर बघू म्हटलंय.